जुनं आणि बंद



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते, त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. गेल्या तीसेक वर्षांत आपण जे लिहिलं, छापलं, गायलं, चित्रित केलं, ते बहुतेक सगळं आज फाइलींमध्ये आहे. त्या फाइली आपल्या आहेत, याबद्दल वाद नाही. पण ज्या साच्यात त्या बांधल्या आहेत तो साचा कोणाचा? ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर कोणाचं? आणि मालकाने उद्या दुकान बंद केलं तर आपल्या हाती काय राहतं? निमंत्रणपत्रिकेवर या विषयाला जरा भारदस्त नाव छापलं आहे, ते मनावर घेऊ नका. मुद्दा एवढाच आहे.

सुरुवात मी संगणकापासून करणार नाही, मोडी लिपीपासून करणार आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. आत मोडीतले कागद. आज ते सराईतपणे वाचू शकणारे किती? मोजके. मग हे कागद हरवले का? नाही. ज्याला वाचायचे आहेत तो मोडीच्या वर्गाला जातो, बाराखडी गिरवतो, चार-सहा महिने डोळे फोडतो आणि एके दिवशी एखाद्या कारकुनाचं वळण त्याला लागू लागतं. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. वार्षिक वर्गणी नाही. मोडीच्या मालकाने लिपी मागे घेतली, असं कधी होत नाही, कारण मोडीला मालकच नाही. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संगणकी नकाशात, आली तेव्हाही हक्क विकत घ्यायचा प्रश्न आला नाही. मोडी जुनी आहे, पण बंद नाही.

आता १९९७ साली पुण्यात किंवा कोल्हापुरात अक्षरजुळणी झालेल्या एखाद्या कादंबरीची फाइल घ्या. वय तीस वर्षंसुद्धा नाही. ती उघडायला निघालात तर मोडीपेक्षा जास्त घाम फुटेल. ती तितकी जुनी नाही, पण बंद आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच, की आपण जुन्याला घाबरतो आणि बंदला घाबरत नाही. हे उलटं व्हायला हवं.

एखादा साचा, म्हणजे फॉरमॅट, खुला आहे की बंद, हे ओळखायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. त्याची रचना जाहीर आहे का, हे विचारा. वापरायला कोणाला पैसे मोजावे लागतात का, हे विचारा. उद्या त्यात बदल करायचा ठरला तर तो एकाच कंपनीच्या बैठकीत ठरतो का, हेही विचारा. तिन्ही उत्तरं नेहमी एका बाजूची येत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

कॅसेटचंच बघा. सभागृहातली पांढऱ्या केसांची मंडळी आत्ताच हसली. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ही छोटी कॅसेट घडवली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. ध्वनीच्या दर्जात ती काही मोठी करामत नव्हती. पट्टी अरुंद, वेग कमी, खरखर भरपूर. त्या काळात कॅसेटचे आणखीही नमुने बाजारात येऊ घातले होते. मग जिंकली हीच का? कारण फिलिप्सने, काहीशी सोनीसारख्या कंपन्यांशी झालेल्या घासाघिशीमुळे, तिचा परवाना इतर उत्पादकांना फुकट दिला. अट एकच, मापं आम्ही सांगू ती पाळा. परिणाम असा झाला की कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या यंत्रात वाजू लागली.

याचा मराठीशी काय संबंध? फार मोठा आहे. त्याआधी ध्वनिमुद्रण म्हणजे तबकडी, आणि तबकडी म्हणजे अनेक दशकं मुख्यतः एकच मोठी कंपनी आणि तिचा कलकत्त्याजवळच्या डमडमचा कारखाना. कोणाचं गाणं तबकडीवर चढेल, हे त्या कंपनीची माणसं ठरवत. कॅसेटला कारखाना लागेच असं नाही. दोन यंत्रं समोरासमोर ठेवली की नक्कल तयार. ऐंशीच्या दशकात आखातातून येणारे टू-इन-वन, आयातीचे सैल झालेले नियम, अशी बाकीची कारणंही होती. सगळं श्रेय फॉरमॅटला देणं बरोबर नाही. पण फॉरमॅट मोकळा नसता तर ती कारणं लंगडी पडली असती. त्या दशकात भीमगीतं आली, लोकगीतं आली, वगनाट्यं आली, गावच्या यात्रेत विकली जाणारी देवाची गाणी आली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटीच्या थांब्यावरच्या टपरीपर्यंत पोहोचला तो कॅसेटने. पुण्यात अलूरकरांनी पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी काढल्या आणि एका छोट्या दुकानाच्या जोरावर त्या परदेशातल्या मराठी घरांत गेल्या. मोठ्या कंपनीच्या हिशोबात ही माणसं बसली असती का? काही बसली असती, बरीच नसती.

नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाला, कलावंतांचे पैसे बुडाले, तेही याच मोकळेपणाने. ही बाजू लपवायची नाही. मोकळ्या दारातून चोरही येतो. पण कायद्याने चोर पकडणं एक आणि चोराच्या भीतीने दारच बांधून टाकणं दुसरं.

आता एमपी-थ्री. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं निरीक्षण कामाला लावलं. मोठ्या आवाजाच्या आड असलेला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला? टाकून द्या. अशी छाटणी केल्यावर सीडीवरचं गाणं साधारण अकराव्या हिश्शात बसू लागलं. १९९५ च्या जुलैत त्या फाइलीला आज आपण ओळखतो ते नाव मिळालं. रचना जाहीर होती, आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापलेली होती. मग तो खुला म्हणायचा का? नाही, कारण त्या छाटणीच्या पद्धतींवर पेटंट होती. १९९८ साली फ्राउनहोफरकडून पत्रं गेली. कोणाला? मोठ्या कंपन्यांनाच नव्हे, तर घरी बसून, हौसेने, फुकट वाटण्यासाठी एमपी-थ्री बनवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना. परवाना घ्या, पैसे भरा.

त्या पत्रांचा परिणाम पाठवणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. अमेरिकेत ख्रिस माँटगोमेरी नावाचा प्रोग्रॅमर ध्वनीच्या एका मोकळ्या फॉरमॅटवर रमतगमत काम करत होता. आता तो आणि त्याचे साथी इरेला पेटले. २००२ च्या जुलैत ऑग व्हॉर्बिसची पहिली पक्की आवृत्ती आली. रचना सार्वजनिक मालकीची, कोणालाही काहीही देणं नाही. ऐकायला एमपी-थ्रीच्या तोडीस तोड, कमी जागेत तर सरसच. मग व्हॉर्बिसने एमपी-थ्रीला हरवलं असेल? छे. लोकांच्या खिशातल्या यंत्रांना एमपी-थ्री येत होतं आणि आयपॉडने व्हॉर्बिसला कधी दारात उभं केलं नाही. चांगलं आणि मोकळं असूनही हरता येतं, हे खुल्या फॉरमॅटच्या भक्तांनी एकदा नीट पचवायला हवं. मी स्वतः त्या भक्तांपैकी आहे, म्हणून अधिकाराने बोलतोय.

पण गोष्ट तिथे संपली नाही. व्हॉर्बिस संगणकीय खेळांत शिरलं. स्पॉटिफायने गाणी पोहोचवायला तेच निवडलं. आणि २०१२ साली त्याच मंडळींचं काम आणि स्काइपचं काम एकत्र येऊन ऑपस नावाचा फॉरमॅट तयार झाला, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने तो जाहीर केला. तुमच्यापैकी कोणी ऑपसचं नाव ऐकलंय? एकही हात वर नाही. आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी कोणी नातवंडांना आवाजी निरोप पाठवला? बघा, निम्मं सभागृह. तो निरोप ऑपसमध्ये गेला. अ‍ॅप एका बलाढ्य कंपनीचं, अगदी बंद. आतला आवाज मात्र कोणालाही उघडता येईल अशा फॉरमॅटमधला. कंपनीला दानाची हुक्की आली म्हणून नव्हे, तर फुकट, चांगलं आणि कोर्टकचेरीची भीती नसलेलं दुसरं काही नव्हतं म्हणून. व्हिडिओतही हेच घडलं. २०१३ च्या एचईव्हीसी फॉरमॅटवर पेटंटवाल्यांचे वेगवेगळे गट पैसे मागू लागले, तेव्हा २०१५ साली एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्या एका मांडवाखाली आल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी एव्ही-वन हा मोकळा फॉरमॅट काढला.

एमपी-थ्रीचा परवाना देणं फ्राउनहोफरने २०१७ च्या एप्रिलमध्ये थांबवलं, कारण पेटंटांची मुदत संपत आली होती. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी ‘एमपी-थ्रीचं निधन’ असे मथळे दिले. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. त्या दिवसापासून ते मोकळं झालं.

पेटंट निदान संपतं. न संपणारं कुलूप वेगळं असतं. मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं एक दुकान चालवलं आणि २०१९ साली बंद केलं. त्या जुलैपासून लोकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, कारण त्यांचं कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होतं आणि सर्व्हरच बंद. पैसे परत मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांनी पुस्तकांत टिपणं लिहिली होती त्यांना वर पंचवीस डॉलर मिळाले. समासातल्या टिपणांची किंमत पंचवीस डॉलर! या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने भांडलेले वाचक मला ठाऊक आहेत. त्यांना हा भाव कळला असता तर ते दुकानदाराशीही भांडले असते.

आता आपल्या घरात येऊ.

नव्वदच्या दशकात मराठी छपाई शिशाच्या खिळ्यांवरून डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीवर, आली. पानं लावायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. पॅकेजबरोबर एक ‘लॉक’ यायचं, संगणकाच्या मागे लावायचं. ते निघालं, हरवलं, तर मराठी बंद. डीटीपी चालवणाऱ्यांना हे लॉक घरच्या दागिन्यांपेक्षा जास्त जपताना मी पाहिलंय.

त्या फॉन्टमध्ये काय होतं? तेव्हाच्या संगणकाला देवनागरी येत नव्हती, म्हणून फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. अर्धा ध एका घरात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. उदाहरण कृतिदेव फॉन्टचं घेतो, कारण टंकलेखनाच्या परीक्षेमुळे तो अनेकांच्या बोटांत आहे. पडद्यावर ‘मराठी’ असं दिसतं. पण संगणकाने साठवलेलं असतं काय? इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. एवढंच. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच. फॉन्ट काढून घ्या, की ई-जे-के-बी-एच उघडं पडतं. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावा, तर तिसरंच काही, कारण प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा.

आता त्या १९९७ च्या कादंबरीकडे जाऊ. प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची आहे. सीडी सापडते, नशिबाने वाचलीही जाते. पेजमेकर? अडोबीने त्याचा विकास २००४ मध्ये थांबवला. त्याच कंपनीचं इनडिझाइन त्या फाइली उघडत असे, पण २०१२ च्या सीएस-सिक्सपर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. समजा जुनं यंत्र मिळालं. फॉन्ट हवा. फॉन्ट मिळाला, लॉक हवं. लॉकला जी खाच लागते ती नव्या संगणकाला नसते. एवढं सगळं जमलं आणि मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलला, तरी पुढे प्रूफवाचकाचा वनवास आहे. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टंकला जायचा, युनिकोडमध्ये तो र आधी येतो. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला हे उमगलं नाही की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. इंटरनेटवर मराठी वाचताना हा ‘धमर्’, हे ‘कायर्क्रम’ तुम्ही शेकडो वेळा पाहिलेत आणि कोणाला तरी मराठी येत नाही म्हणून चिडलात. लिहिणाऱ्याला येत होतं हो. फॉन्टला येत नव्हतं.

म्हणून प्रकाशक काय करतात? छापील प्रत समोर ठेवून पुस्तक पुन्हा टंकून घेतात. संगणकावर जन्मलेलं पुस्तक कागदावरून सोडवून आणायचं!

कोणी म्हणेल, पीडीएफ आहे की. आहे, आणि पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, कागदोपत्री पूर्ण खुला. पण त्याच्या पोटात हेच फॉन्ट भरले असतील तर पुस्तक दिसतं, सापडत नाही. जुन्या मराठी पीडीएफमध्ये ‘पुणे’ हा शब्द शोधून बघा. पानावर दहा वेळा असतो, संगणक म्हणतो एकदाही नाही. आणि जे डोळ्यांनी वाचू शकत नाहीत, स्क्रीन रीडर लावून ऐकतात, त्यांच्या कानावर काय पडत असेल? निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. खुल्या पेटीत बंद पेटी ठेवली की ती बंदच असते.

ज्यांनी हे फॉन्ट बनवले त्यांना मी आज खलनायक ठरवायला उभा नाही. तेव्हा दुसरं कोणी करत नव्हतं. पुण्यातल्या छोट्यामोठ्या कंपन्यांनी, सी-डॅक या सरकारी संस्थेने, मराठीला संगणकावर आणलं. ते नसतं केलं तर आपली वर्तमानपत्रं आणखी दहा वर्षं खिळेच जुळवत बसली असती. सुंदर वळणाची अक्षरं काढणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. माझी तक्रार अक्षरांच्या वळणाबद्दल नाही, आतल्या नकाशाबद्दल आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सामाईक मानक १९८८ पासून होतं, १९९१ मध्ये ते अधिकृत भारतीय मानक झालं, त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरी आली आणि ती इस्कीच्याच पायावर. नकाशा एक ठेवून वळणं हवी तितकी विकता आली असती. तसं झालं नाही. तेव्हाच्या संगणकांची मर्यादा हे एक कारण, आणि ग्राहक बांधलेला राहणं सोयीचं होतं हे दुसरं. दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

आणि सरकार? केंद्राने खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्येच जाहीर केलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस फॉरमॅटला आंतरराष्ट्रीय मानक करायचं की नाही, यावर देशांचं मतदान झालं, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. मानक झालं ते झालंच. धोरण चांगलं आहे. एवढं असूनही सरकारी कार्यालयाकडून आलेली फाइल उघडली की ई-जे-के-बी-एच भेटतं, ते अजून सुटलेलं नाही.

आज मात्र सबब उरलेली नाही. मुक्ता, बालू यांसारखे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने कोणालाही मिळतात. लिब्रे ऑफिस फुकट आहे. व्हीएलसी फुकट आहे; पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी सुरू केलेला तो प्रकल्प आज जवळपास कोणतीही ध्वनी वा चित्रफीत वाजवतो. बंद सॉफ्टवेअर वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. त्यातून बाहेर पडताना मजकूर बरोबर घेऊन येता यावा, एवढंच बघा.

लेखकांनो, करारात एक ओळ घाला: अंतिम मजकूर युनिकोडमध्ये लेखकाला मिळेल. प्रकाशकांनो, मुद्रकाकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, मजकुराची साधी फाइलही घ्या. ज्यांच्या घरी आजोबांच्या कीर्तनाच्या, आईच्या ओव्यांच्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या उतरवताना एक प्रत फ्लॅक या फॉरमॅटमध्ये ठेवा. त्यात छाटणी होत नाही आणि तो मोकळा आहे. एमपी-थ्री नातेवाइकांना वाटायला.

शेवटची विनंती मुद्रकांना आणि डीटीपीवाल्यांना. तुमच्या माळ्यावर एखादा जुना संगणक असेल, त्यात पेजमेकर असेल, मागे लॉक असेल. भंगारवाला त्याचे दोन-तीनशे रुपये देईल. देऊ नका. या वर्षी तो एकदा चालू करा, आतल्या पुस्तकांची यादी करा आणि त्या प्रकाशकांना फोन लावा. ते यंत्र चालवता येणारी माणसं अजून कामावर आहेत, तोवरच हे जमणार आहे.